गलांडा गॅलरीत: कोरड्या डोंगरउतारावरचं फूल मुंबईत कसं वाढवायचं

मुंबईत गलांड्याचं रोप उन्हानं मरत नाही, मुळाशी पाणी साचून मरतं. कुंडी निवडण्यापासून बी साठवण्यापर्यंत या लेखातली प्रत्येक पायरी या एका गोष्टीभोवती फिरते. ती नीट समजली तर बाकीचं काम अवघड नाही.

दादर स्टेशनजवळच्या मीनाताई ठाकरे फुलमंडईत झेंडू, शेवंती आणि ॲस्टरच्या शेजारी लाल-पिवळ्या फुलांचे ढीग लागलेले असतात, त्यातच हे फूल असतं. कुणी त्याला गलांडा म्हणतं, कुणी गॅलार्डिया. पुणे, अहिल्यानगर, सातारा या भागांतले शेतकरी ते हारा-तोरणांसाठी पिकवतात. इतकं आपलंसं झालेलं फूल मुळात अमेरिका खंडातलं आहे. त्याची डोंगरातली बहीण तर उणे चाळीस अंशांपर्यंतची थंडी झेलून वर्षानुवर्षं त्याच मुळावर पुन्हा फुटते. गॅलरीत यातलं नेमकं कुठलं रोप लावायचं हा पहिला निर्णय आहे, म्हणून आधी दोघींची ओळख करून घेऊ.

दोन बहिणी आणि त्यांचं लेकरू

डोंगरातली ती गॅलार्डिया ॲरिस्टाटा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टापासून अमेरिकेतल्या माँटाना, आयडाहो, वायोमिंग, कोलोराडोपर्यंतचे कोरडे उतार आणि गवताळ माळ हे तिचं माहेर. रॉकी पर्वतात ती अडीच हजार मीटरच्याही वर आढळते. मेरिवेदर लुईस हा शोधप्रवासी पॅसिफिक किनाऱ्यावरून परतत असताना ७ जुलै १८०६ रोजी त्यानं रॉकी पर्वतातल्या कोरड्या टेकड्यांवरून तिचा नमुना गोळा केला. पुढे फ्रेडरिक पुर्श या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्यावरून तिचं शास्त्रीय वर्णन केलं. या प्रजातीला गॅलार्डिया हे नाव मात्र त्याच्याही आधी, १७८६ मध्ये मिळालेलं होतं. वनस्पतिशास्त्राला आश्रय देणाऱ्या एका फ्रेंच न्यायाधीशाच्या सन्मानार्थ ते दिलं गेलं.

ॲरिस्टाटा बहुवर्षायू आहे. हिवाळ्यात वरचा भाग वाळून जातो, बर्फाखाली मूळ जिवंत राहतं आणि बर्फ वितळलं की पानं पुन्हा फुटतात. तिच्या टेकड्यांवर वर्षभरात साधारण ३०० ते ४०० मिमी पाणी पडतं आणि त्यातही बर्फाचा वाटा मोठा असतो. माती खडकाळ असल्यानं आलेलं पाणी थांबत नाही. अशा ठिकाणी तगण्यासाठी झाडाकडे दोन गोष्टी आहेत: खोल जाणारं सोटमूळ, आणि पान-देठांवरची लव, जी वारा आणि ऊन यांना थेट भिडू देत नाही. पान बोटांत धरून पाहा, खरखरीत लागेल.

दुसरी बहीण गॅलार्डिया पुलचेला, दक्षिणेकडची, टेक्सास-मेक्सिकोच्या बाजूची. ती बहुधा एकाच हंगामात उगवते, फुलते, बी धरते आणि संपते. ओक्लाहोमा राज्यानं १९८६ मध्ये तिला राज्याचं रानफूल ठरवलं. ती किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवरही वाढते आणि खारा वारा सोसते. मंडईतली फुलं हिचीच. आपल्याकडे तिचे दोन मुख्य प्रकार चालतात: एकेरी पाकळ्यांचा पिक्टा, आणि भरगच्च गोंड्यासारखा लोरेन्झियाना.

या दोघींचा संकर म्हणजे ग्रँडिफ्लोरा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बेल्जियममधल्या एका बागेत तो पहिल्यांदा दिसला असं सांगतात. गॉब्लिन, ॲरिझोना सन ही बी-पाकिटांवर दिसणारी नावं याच गटातली. दिसायला हा संकर फारच देखणा, पण आयुष्यानं डोंगरातल्या आईवर गेलेला नाही. थंड देशांतसुद्धा तो दोन-तीन वर्षांत थकतो, आणि चिकण, ओल्या मातीत त्याहून लवकर.

माझा सल्ला असा आहे. पहिल्यांदाच लावणार असाल तर पुलचेलाच घ्या, त्यातही पिक्टा. ती मुंबईत खात्रीनं फुलते. एक हंगाम तिच्यावर हात बसला की मग डोंगरातल्या बहिणीच्या वाटेला जा. तिच्यासाठी पुढे वेगळा भाग लिहिला आहे.

मुंबईचे आठ महिने

सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे २,३०० मिमी पाऊस पडतो. २६ जुलै २००५ च्या त्या एका दिवसात ९४४ मिमी पडला होता, म्हणजे ॲरिस्टाटाच्या टेकड्यांवर दोन वर्षांत पडतो त्याहूनही जास्त. असल्या पावसात हे झाड उघड्यावर ठेवण्यात अर्थ नाही. पण ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत मुंबईत पाऊस जवळपास नसतोच. या आठ महिन्यांत कुंडीत किती पाणी जाईल हे पूर्णपणे तुमच्या हातात असतं. हेच आपलं भांडवल.

आपल्या सह्याद्रीतली रानफुलं नेमकी उलटी चालतात. तेरडा, सोनकी पावसावर फुलतात आणि कोरड पडली की बी टाकून मोकळी होतात. गलांड्याचा हंगाम त्यांचा हंगाम संपतो तिथे सुरू होतो. त्यामुळे पावसाळी झाडांनी रिकाम्या केलेल्या कुंड्या गलांड्याला देता येतात, अर्थात माती बदलून.

पेरणीची मुख्य वेळ सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य. या पेरणीची फुलं डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत सुरू होतात आणि मे महिन्यापर्यंत चालतात. गुढीपाडव्याच्या तोरणाला घरची फुलं हवी असतील तर हीच पेरणी साधा. दुसरी पेरणी जानेवारीत करता येते, तिची फुलं ऐन उन्हाळ्यात मिळतात, जेव्हा गॅलरीतली निम्मी झाडं मान टाकून बसलेली असतात. घाटावरचे शेतकरी जून-जुलैतही लावतात आणि दसरा-दिवाळीचा बाजार साधतात, पण तिथला पाऊस आणि निचऱ्याची जमीन वेगळी. मुंबईच्या गॅलरीत जुलैत पेरून दसऱ्याला फुलं काढायचा हट्ट धरू नये.

जागा: ऊन कुठून येतं ते आधी पाहा

किमान पाच ते सहा तास थेट ऊन हवं. उजेड चांगला आहे एवढ्यानं भागत नाही. सावलीत गलांडा लांबुळका होतो, देठ लोळतात आणि फुलं मोजकी येतात.

मुंबईच्या इमारतींत ऊन महिन्यागणिक जागा बदलतं, आणि ही गोष्ट हिशेबात न धरल्यामुळे पुष्कळ कुंड्या चुकीच्या जागी बसतात. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे साधारण ४७ अंशांवर असतो. दक्षिणेकडच्या गॅलरीत तेव्हा ऊन आतपर्यंत येतं. मे महिन्याच्या मध्याला शून्य सावली दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि वरच्या मजल्याचा स्लॅब ते ऊन अडवतो. म्हणून दक्षिणेची गॅलरी असेल तर ऑक्टोबरची पेरणी उत्तम, पण एप्रिलपासून कुंड्या कठड्याच्या कडेला आणाव्या लागतील. पश्चिमेची गॅलरी असेल तर दुपारनंतरचं कडक ऊन वर्षभर मिळतं. हे ऊन इतर रोपांना जाळतं, गलांड्याला मानवतं. पूर्वेकडे सकाळचं ऊन अकरापर्यंत टिकत असेल तरच प्रयत्न करा. उत्तरेकडच्या खिडकीत हिवाळ्यात थेट ऊन येतच नाही, तिथे दुसरं काहीतरी लावा. गच्ची वापरायची परवानगी असेल तर गच्चीसारखी जागा नाही.

वरळी, दादर चौपाटी, वर्सोवा अशा समुद्राकाठच्या घरांत खाऱ्या वाऱ्यानं पानांच्या कडा करपतात, म्हणून लोक फुलझाडं लावायचं सोडून देतात. पुलचेला तिथे लावून पाहण्यासारखी आहे.

कुंडी आणि माती: इथे घाई करू नका

एका रोपाला दहा इंच खोल आणि तितक्याच रुंदीची कुंडी लागते. खोली महत्त्वाची, कारण सोटमूळ खाली जायला जागा शोधतं. खिडकीच्या ग्रिलमध्ये बसणारे लांबट, उथळ ट्रे मिळतात. त्यातले आठ इंचांपेक्षा कमी खोलीचे टाळा. मातीची कुंडी सर्वांत चांगली, तिच्या भिंतींतूनही ओल सुकते. वजनाची अडचण असेल तर कापडी ग्रोबॅग घ्या. प्लास्टिकची चालते, पण तिला तळाशी एकच भोक असेल तर आणखी चार पाडा, आणि दोन-तीन बाजूला, तळापासून बोटभर उंचीवर.

आता माती. नर्सरीत पोत्यातून मिळणारी लाल माती एकटी वापरली तर दोन महिन्यांत विटेसारखी बसते. वरून कोरडी दिसते, आत चिखल असतो. नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तोही नको, ते पाणी धरून ठेवतं आणि गलांड्याला नेमकं तेच नको असतं. मी हे मिश्रण सुचवेन: लाल माती दोन भाग, कच एक भाग, विटांचा बारीक चुरा एक भाग, आणि जुनं शेणखत किंवा गांडूळखत अर्धा भाग. एवढ्या मिश्रणाला मूठभर निंबोळी पेंड. कच म्हणजे बांधकामाच्या साहित्याच्या दुकानात मिळणारी बारीक खडी. ती चाळून आणि दोनदा धुऊन घ्या. तिच्यातली दगडाची पूड तशीच राहिली तर ओली होऊन तळाशी थिजते आणि भोकं बुजवते. चौपाटीची वाळू कधीही आणू नका. तिच्यातलं मीठ कुंडीत साचत राहतं, आणि किनाऱ्यावरून वाळू उचलणं योग्यही नाही.

खत अर्धाच भाग का, असा प्रश्न पडेल. गलांड्याला पौष्टिक मातीत पानांचा सोस सुटतो. भरपूर नत्र मिळालं की झुडूप हिरवंगार होतं आणि कळ्या धरायला वेळ लावतं. गरीब, मोकळ्या मातीत ते नीट फुलतं.

तळाच्या भोकांवर खापराचे तुकडे ठेवा आणि कुंडी भरा. वरचा काठ दोन इंच मोकळा सोडा. रोप लावण्याआधी एक तपासणी करा: भरलेल्या कुंडीत लिटरभर पाणी एकदम ओता. ते चटकन मुरलं पाहिजे आणि थोड्याच वेळात खालून वाहू लागलं पाहिजे. पृष्ठभागावर तळं साचून राहत असेल तर कुंडी रिकामी करून आणखी कच मिसळा. आता लागलेला अर्धा तास पुढचे आठ महिने वाचवतो.

कुंडीखालच्या बशीचा प्रश्न मुंबईत नाजूक असतो. बशी नसेल तर खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर लाल पाणी ठिबकतं, आणि बशी असेल तर तिच्यात पाणी साचून मुळं कुजतात. शिवाय डेंग्यूच्या डासांच्या अळ्या होतात. बशीत विटेचे तीन तुकडे ठेवून त्यावर कुंडी टेकवा, म्हणजे कुंडीचा तळ पाण्याला लागणार नाही. पाणी घातल्यावर अर्ध्या तासानं बशी रिकामी करा.

बी आणि पेरणी

बियांच्या दुकानात पाकीट मिळतं. हारातली फुलं वाळवून त्यातून बी काढायचा मोह होतो, झेंडूच्या बाबतीत तो कधी कधी यशस्वीही होतो. पण बाजारातला गलांडा ताजा असतानाच तोडलेला असतो, त्यातलं बहुतेक बी कच्चं असतं. परदेशातल्या नातेवाइकांना बॅगेतून बी आणायला सांगू नका. बियाणं देशात आणण्यासाठी २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते नियम आपल्याच शेतीच्या रक्षणासाठी आहेत.

पेरणीसाठी कागदी कप वापरा, तळाला भोक पाडून. सोटमूळ असलेल्या रोपाला उपटून दुसरीकडे लावलेलं आवडत नाही. कपातून मातीच्या गोळ्यासकट काढता येतं. कपात बारीक चाळलेली माती आणि कोकोपीट निम्मं निम्मं भरा. एवढ्यापुरतं कोकोपीट चालतं, कारण बी रुजेपर्यंत हलकी ओल लागते.

प्रत्येक कपात दोन बिया ठेवा आणि बोटानं हलकेच दाबा. वर मातीचा अगदी पातळ थर भुरभुरवा, बी अर्धवट दिसलं तरी चालेल. गलांड्याचं बी उजेडात चांगलं रुजतं, खोल पुरलं तर अडून बसतं. पाणी फवाऱ्यानं द्या. कप उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवा, कारण ऑक्टोबर हिटमध्ये छोट्या कपातली माती दोन तासांत सुकते. आठवडा ते दोन आठवड्यांत कोंब दिसतात. दिसले की लगेच सकाळच्या कोवळ्या उन्हात हलवा, नाहीतर रोपं काडीसारखी उंच होतात. दोन्ही बिया उगवल्या तर कमजोर रोप कात्रीनं कापा, उपटू नका. उपटताना दुसऱ्याचं मूळ दुखावतं.

या काळात कबुतरांपासून सावध राहा. ती कपांवर येऊन बसतात आणि कोवळी रोपं आडवी करतात. गॅलरीला जाळी नसेल तर कपांवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधा.

चार-पाच खरी पानं (कोंबाच्या पहिल्या दोन बीजपानांनंतरची) आली, की साधारण महिन्याभरात रोप कुंडीत हलवा. जास्त थांबलात तर मूळ कपाच्या तळाशी गोल गोल फिरू लागतं. संध्याकाळी लावणी करा. कप फाडा, मातीचा गोळा न फोडता खड्ड्यात ठेवा. रोपाचा गळा, म्हणजे जिथून पानं फुटतात तो भाग, मातीच्या पातळीच्या किंचित वर राहू द्या. गळा मातीखाली गेला की तिथेच कूज सुरू होते. लावणी झाल्यावर गळ्याभोवती बोटभर जाडीचा कचेचा थर पसरा. डोंगरउतारावरच्या खड्यांचं काम तो इथे करतो: गळा कोरडा ठेवतो आणि पाणी घालताना मातीचे शिंतोडे पानांवर उडू देत नाही.

पाणी

लावणीनंतरचे दोन-तीन आठवडे रोज थोडं पाणी द्या, मुळं बसेपर्यंत. त्यानंतर हात आखडता घ्या.

बोट दोन पेरांपर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तर भरपूर पाणी द्या, खालून वाहेपर्यंत; ओल लागली तर दुसऱ्या दिवशी पाहा. रोज कपभर पाणी शिंपडण्याची सवय सर्वांत वाईट, तिनं वरची माती कायम ओली आणि तळ कोरडा राहतो, मुळं वरच घुटमळतात. डिसेंबर-जानेवारीत दोन ते तीन दिवसांनी एकदा पुरतं. एप्रिल-मेमध्ये दहा इंची कुंडीला रोज सकाळी लागेल. वेळ सकाळचीच ठेवा आणि पाणी मातीवर घाला, पानांवर नाही. लवदार पानांवर रात्रभर पाणी राहिलं की बुरशीला आमंत्रण मिळतं.

मे महिन्यात दुपारी रोप मान टाकतं आणि पाहणारा घाबरून बादली उचलतो. थांबा. संध्याकाळी ते आपोआप उभं राहिलं तर त्याला काहीच झालेलं नाही, ते उन्हापासून स्वतःला सांभाळत होतं. पण सकाळी सकाळी रोप मलूल दिसत असेल आणि माती ओली असेल, तर मूळ कुजतंय. तेव्हा आणखी पाणी घातलं तर ते जातंच. पाणी पूर्ण बंद करा, कुंडी वाऱ्याच्या जागी ठेवा, गळ्याजवळची माती बाजूला सारून हवा लागू द्या. गळा घट्ट असेल तर वाचण्याची आशा आहे. तो मऊ, काळपट झाला असेल तर रोप काढून टाका आणि ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घालायची चांगली सवय अनेक घरांत आहे. गलांड्याला ते रोज नको. ते पाणी तुळशीला, कढीपत्त्याला द्या. इथे महिन्यातून एखाद्या वेळी चालेल. खत म्हणून दर महिन्याला मूठभर गांडूळखत वरच्या थरात मिसळा, तेवढं पुरे.

हिवाळ्यात मुंबईत बांधकामांची धूळ उडते आणि लवदार पानं ती धरून ठेवतात. पंधरवड्यातून एकदा, ऊन चढू लागलं की बारीक फवाऱ्यानं पानं धुवा, म्हणजे ती तासाभरात सुकतील.

फुलं आल्यावर

पहिली कळी उमलली की लगेच नियमित तोडणी सुरू करा. झाडाला बी तयार करायचं असतं. ते झालं की त्याचं काम संपतं. फूल उतरताच काढत गेलात तर ते पुन्हा पुन्हा कळ्या धरतं. नुसता गोंडा चिमटू नका, देठ खालच्या पानाच्या जोडापर्यंत कापा. कळी आणि उतरलेलं फूल यांत नवख्यांचा गोंधळ होतो: कळी चपटी, हिरवी आणि घट्ट असते, तर पाकळ्या गळलेला गोंडा गोल आणि केसाळ असतो.

फुलदाणीसाठी सकाळी लांब देठानं कापा, स्वच्छ पाण्यात फुलं आठवडाभर टिकतात. तोरणासाठी आखूड देठावर खुडा.

काहींच्या त्वचेला गलांड्याच्या रसानं आणि लवेनं खाज सुटते, पुरळ येतं. झेंडू-शेवंतीनं असा त्रास होणाऱ्यांनी छाटणी करताना हातमोजे घालावेत.

या फुलांवर येणारी मंडळी पाहायला सवड काढा. बारीक फुलोरी मधमाशी शहरातही येते, जवळपास झाडी असेल तर सातेरीही. कोलोराडोत ॲरिस्टाटावर स्किनिया मेसोनाय नावाचा एक पतंग असतो. त्याचं डोकं आणि छाती पिवळी, पंख लालसर, त्यामुळे तो फुलावर बसला की दिसतच नाही. पतंग आपल्याकडे नाही, पण आपल्या माश्यांना या फुलाची वाट सापडली आहे. म्हणूनच फुलं असताना कुठलंही रासायनिक कीटकनाशक मारू नका.

कोवळ्या शेंड्यांवर मावा आला तर आधी पाण्याच्या धारेनं उडवा. तरी राहिला तर लिटरभर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि थोडा द्रवरूप साबण मिसळून, माश्या गेल्यावर संध्याकाळी फवारा. जानेवारी-फेब्रुवारीत दिवस गरम आणि रात्री गार असतात, तेव्हा पानांवर भुरी, म्हणजे पांढरट बुरशी, दिसते. तेवढी पानं काढून टाका आणि कुंड्यांमध्ये अंतर वाढवा, वारा खेळला की ती आटोक्यात येते. एखाद्या रोपाची फुलं हिरवट, पानांसारखी विचित्र येऊ लागली तर त्याला उपाय नाही. तो तुडतुड्यांमार्फत पसरणारा रोग असतो, रोप मुळासकट उपटून फेकून द्या.

मार्चमध्ये झुडूप पसरट आणि दमलेलं वाटेल. एक तृतीयांश छाटा, मूठभर खत द्या. दोन-तीन आठवड्यांत नव्या फुटीवर कळ्या येतात आणि उन्हाळा निभावतो.

डोंगरातली बहीण लावायची असेल तर

ॲरिस्टाटा किंवा ग्रँडिफ्लोरा मुंबईत लावता येते, पण तिच्या अटी वेगळ्या आहेत. तिला मोठा दिवस हवा असतो, आणि आपला डिसेंबरचा दिवस जेमतेम अकरा तासांचा. थंडीचा झटका मिळाला तर ती जोमानं फुलते, आणि आपल्या रात्री सोळा-सतरा अंशांखाली क्वचितच उतरतात. म्हणून ऑक्टोबरात लावलेली रोपं हिवाळाभर जमिनीलगत पानांचा झुपका करून बसून राहू शकतात. ते अपयश नाही, खाली मूळ वाढत असतं. मार्चपासून दिवस मोठा होऊ लागला की दांडे येण्याची वाट पाहा. त्याच वर्षी फुलणाऱ्या जाती निवडल्या, उदाहरणार्थ ॲरिझोना सन, तर शक्यता वाढते. बी ओलसर वाळूत मिसळून फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे ठेवून मग पेरलं तर उगवण एकसारखी व्हायला मदत होते. अट मात्र नाही.

हिच्यासाठी कुंडी बारा इंच खोल घ्या, मिश्रणात कच दोन भाग करा आणि खत पाव भागावर आणा. जूनच्या पहिल्या आठवड्यात झुडूप जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा आणि कुंडी छपराखाली, जिथे पावसाचा थेंब येत नाही पण वारा येतो, अशा जागी हलवा. चार महिने पाणी अगदी क्वचित, तेही माती पूर्ण कोरडी झाल्यावर. तरीही हवेतल्या दमटपणावर आपला इलाज नाही, आणि काही रोपं जातील. जे सप्टेंबरात हिरवं राहील त्याच्या मुळांचे बोटभर लांबीचे तुकडे घेऊन वाळूत लावा, त्यांतून नवी रोपं फुटतात. मुंबईचा एक पावसाळा काढलेल्या रोपाची रोपं पुढे नेणं हा आपल्या हवेला जुळणारी झाडं निवडण्याचा सर्वांत खरा मार्ग आहे.

बी धरणं आणि पावसाळा

एप्रिलअखेर तोडणी थांबवा. सर्वांत निरोगी झाडावरची पाच-सहा फुलं तशीच राहू द्या. गोंडा तपकिरी होऊन बोटांत चुरडला की सुटा होऊ लागला म्हणजे बी पिकलं. लहान, केसाळ, वर कागदी खवल्यांचा मुकुट असलेलं ते बी कागदावर पसरून सावलीत आठवडाभर सुकवा. हे काम मे महिन्यातच उरका. जूनची हवा लागलेलं बी बरणीत बुरशी धरतं. सुकलेलं बी कागदी पाकिटात, पाकीट घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, सोबत औषधांच्या डब्यांतून मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि बरणी फ्रिजमध्ये. पाकिटावर वर्ष आणि फुलाचा रंग लिहा. दोन प्रकार शेजारी लावले असतील तर पुढच्या पिढीत रंग मिसळतील, आणि त्यातून सुंदर काहीतरी येऊ शकतं.

उरलेलं बी शेजारच्या गॅलऱ्यांत वाटा, डोंगरात नेऊ नका. पावसाळी ट्रेकला बीजगोळे टाकण्याची पद्धत आता रुळली आहे. त्यांत गलांडा घालू नका. हे परक्या भूमीचं झाड आहे आणि मोकळ्या माळावर स्वतःहून पसरू शकतं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, आरेत किंवा सह्याद्रीच्या सड्यांवर कारवी, सोनकी, तेरड्याची जागा त्यांच्याकडेच राहिली पाहिजे.

पुलचेलाची थकलेली झाडं मेअखेर उपटून कंपोस्टमध्ये टाका. कुंड्यांतली माती ताडपत्रीवर पसरून दोन-तीन दिवस कडक उन्हात तापवा आणि पोत्यात भरून कोरडी ठेवा. सप्टेंबरात तीच माती थोडी कच आणि खत मिसळून पुन्हा वापरता येते. रिकाम्या कुंड्या मात्र पालथ्या ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसात त्यांत पाणी साचेल.